पाहुण्याच्या मेंढ्या

२ फेब्रुवारी, रविवार
जमलं! एकदाचं जमलं! सकाळी दहाला बसलो, साडेअकरापर्यंत नुसती बोंबाबोंब — 'तू दिसतच नाहीस', 'अगं ते बटण नव्हे, त्याच्या खालचं!' — आणि एकदम यादीत चौघांची नावं. मास्तर, वकील, इंजिन, मुंगी.

मुंगी म्हणजे मी. कॉलेजपासून.

खेळही तेव्हाचाच. गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, गहू पेरायचा आणि मग एकमेकांवर चालून जायचं. बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला. एका खोलीत, एकाच तारेला जोडलेल्या संगणकांवरच तो चालतो. आम्ही तर चार शहरांत. म्हणून मास्तरने आभासी नेटवर्क उभं केलं. आता चारही संगणकांना वाटतं, आपण शेजारी-शेजारी बसलोय. बिचारे भोळे!

माझं गाव पहिलं जळालं. वकिलाने जाळलं. (वकील कसला, फरशा विकतो. वाद घालतो म्हणून वकील.) हसून हसून पोट दुखलं. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी!

५ फेब्रुवारी
दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासल्या. सात. एका आजोबांची तिसऱ्यांदा परत आलीय — 'बोलताना शिट्टी वाजते.' मालक म्हणाले, "बाई, आज गाणं कसलं गुणगुणताय?" मी गुणगुणत होते?

९ फेब्रुवारी, रविवार
यादीत पाचवं नाव. 'पाहुणा.'

कोण हा? वकील म्हणाला, मास्तरचा विद्यार्थी असणार. मास्तर म्हणाला, विद्यार्थ्यांना मी गणितसुद्धा सुखाने देत नाही, हे कशाला देऊ! इंजिन म्हणाला, "मला काय विचारता, मी आपला पंपावर." पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळतो तो. नाव मात्र घोरण्यावरून पडलंय.

पाहुण्याने कोपऱ्यात तीन घरं बांधली, एक विहीर, आणि मेंढ्या पाळल्या. ढीगभर मेंढ्या. सैनिक एकही नाही! वकिलाला कुठला धीर. घोडेस्वार घेऊन गेला. पाहुण्याने मेंढ्या बाजूला घेतल्या आणि पडद्यावर लिहिलं — 'या, बसा.'

वकील मुकाट्याने माघारी आला.

१० फेब्रुवारी
फोनवर खल. मास्तर घाबरलाय. नेटवर्कमध्ये घुसलेला माणूस उद्या संगणकात हात घालेल, म्हणतो. मी म्हटलं, 'या, बसा' म्हणणारा चोर पाहिलायस कधी? कुणी ऐकेना. तीन विरुद्ध एक. येत्या रविवारी हाकलायचं ठरलं.

वाईट वाटलं. मेंढ्या छान होत्या.

१६ फेब्रुवारी, रविवार
विचारायचं काम इंजिनच्या गळ्यात पडलं. त्याने लिहिलं, 'आपण कोण? नाव सांगा, नाहीतर निघा.' मग हळूहळू उत्तर उमटलं —

'तुझी आई. ओरडू नकोस.'

मला हसू आवरेना. इंजिनला दरदरून घाम फुटला असणार. झालं होतं असं — मागच्या वेळी तो आईकडे गेला, तेव्हा सरावासाठी तिथल्या जुन्या संगणकावर खेळ आणि नेटवर्क दोन्ही टाकलं. काढायचं विसरला. काकूंनी संगणक लावला की ते आपोआप जोडलं जायचं. नाव न दिलेल्याचं नाव 'पाहुणा'. आणि काकू काही अडाणी नव्हेत. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. तारा जोडण्यात हयात गेलेली बाई!

इंजिनने तिथल्या तिथे फोन लावला, आम्हालाही ऐकवला. "अगं आई, सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, तुला नाही जमणार. पंधरा दिवसांनी फोन करतोस. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. इथे तीन तास तुझं गाव दिसतं. कुठे काय बांधतोयस, कळतं."

वकीलच खाकरला. "काकू, मेंढ्या फार मोकळ्या सोडता हो. कुंपण घाला."

पुन्हा मत घेण्याची वेळच आली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
काकूंनी वकिलाचं गाव जाळलं!! सैनिक कधी जमवले, देव जाणे. वकील म्हणतो, "हरल्याचं दुःख नाही, मेंढपाळणीकडून हरलो." सगळा डाव काकू इंजिनला शिकवतात आणि तो 'हो आई, हो आई' करतो. पंचेचाळिशीला टेकलेला बाप्या!

वकिलाला दोन मुलं, मास्तरला तीन. इंजिन आणि मी आपले सडेफटिंग. पण आज खेळ संपल्यावर घर रिकामं वाटलं नाही.

५ मार्च
दुपारच्या सुट्टीत काकूंचा फोन. हात मेणाने बरबटलेले, कोपराने उचलला.

"मुंगे, एक विचारू? माझा मुलगा तुझ्या गावावर कधी चालून आलाय?"

आठवून पाहिलं. "नसेल आला. लांब पडत असेल."

"लांब? तुझं गाव त्याला खेटून. परवा वकिलावर निघाला तर तुला वळसा घालून, नदी उतरून गेला. निम्मे सैनिक वाटेतच गमावले. मी दर डावात बघते. अगं, कोण कुणाला कशासाठी फोन लावतो, हे मी तीस वर्षं पाहिलंय. उगाच कुणी वळसा घालत नाही."

आणि ठेवला की फोन! मी नंतर एका कवळीला डावीकडचे दात उजवीकडे बसवले. मालकांनी नुसतं पाहिलं.

९ मार्च, रविवार
आज मीच इंजिनवर चालून गेले. त्याचं कोठार लुटलं. हा ढिम्म! "घे गं, एवढा गहू मला कशाला." वकील किंचाळतोय, "अरे लढ की लेका!" काकू गप्प. अगदी गप्प.

एकेक जण उठला. इंजिन आणि मी उरलो. मी सरळ विचारलं, "कॉलेजपासून माझ्या गावावर एकदाही नाही?"

"नेम चुकतो माझा."

"इंजिन."

पडद्यावर त्याच्या वेशीचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कॉलेज संपताना बोलणार होतो," म्हणाला. "त्याच दिवशी तू म्हणालीस — आपली मैत्री किती छान, मध्ये कसली भानगड नाही. मग म्हटलं, नको."

मला ते वाक्य आठवतसुद्धा नाही! काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असेन. आणि या माणसाने ते बावीस वर्षं जपून ठेवलं. रडू आलं, रागही आला. "वेडा आहेस का रे?" एवढंच म्हटलं.

"असेन," म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, उद्या सांगते. चहा दोनदा गरम केला, दोनदा निवला.

१० मार्च
सांगितलं.

१३ मार्च
रोज फोन. आज पाऊण तास. कशावर? पाण्याच्या दाबावर! पंप बंद केला की पाणी उलटं फिरतं, ते अडवायला एक झडप असते म्हणे. इतकं रंगून कुणी झडपेवर बोलतं का — आणि इतकं रंगून कुणी ऐकतं का!

१७ मार्च
रजेचा अर्ज दिला. कारण म्हणून 'घरगुती' लिहिलं, खोडलं, 'लग्न' लिहिलं. मालकांनी चष्मा काढला. "कुणाचं हो?"

"माझं."