आईचं प्रेशर कुणी मोजलं नाही

ठमे,

तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलंय. तिचे कागद न्यायला घरी आलो होतो, परत चाललोय. सकाळी तिचा जबडा आणि पाठ दुखत होती. मी पित्ताची गोळी दिली आणि वाचत बसलो. तो हार्ट अ‍ॅटॅक होता.

डॉक्टरांनी विचारलं, "प्रेशर कधीपासून आहे?" तिचं कधी मोजलंच नव्हतं. माझे वडील, काका हृदयविकारानेच गेले, म्हणून ती पंचवीस वर्षं दर रविवारी माझ्या दंडाला पट्टा बांधत आली. तूही मोजून घे म्हटलं, तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय? हे तुम्हा पुरुषांचं दुखणं." मलाही तेच खरं वाटायचं.

"आजोबा, तो काळ गेला," डॉक्टर म्हणाले. "आता माझ्या वॉर्डात निम्म्या बायका आहेत." ती वाचेल का, असं विचारलं, तेव्हा ते खाली बघून बोलले.

तू चाळिशी ओलांडलीस. दगदग तिच्याहून जास्त, शिवाय सिगारेट ओढतेस. मला ठाऊक होतं, बोलायचा धीर झाला नाही. प्रेशरचं यंत्र टेबलावर ठेवलंय. दवाखान्यात यायच्या आधी शेजारच्या वहिनींकडून तुझं मोजून घे. मला पट्टा बांधता येत नाही.

बाबा