गोल फिरतोय तोवर

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा, गुडघा परवानगी देईल तेवढं वाकून, नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहायचो. आता खोटं लिहवत नाही. आडवा झालो तर उठवायला माणूस लागतो.) तुझी तब्येत उत्तम असणार असं धरून चालतो, कारण पत्रातलं तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रार्थनेला रांगेत उभ्या केलेल्या मुलींसारखं, एकीचीही वेणी सुटलेली नाही. माझं म्हणशील तर रक्तदाब मापात, साखर मापाबाहेर, कान अर्धे. मन मात्र अजून चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसतं. त्यावर काही गोळी आहे का, हे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला.

संगणकाबद्दलचे प्रश्न तू ‘फोनवर विचारले तर घरातले हसतील’ म्हणून पत्राने विचारलेस, हे वाचून मी दिवसभर ऐटीत होतो. तुझा नातू म्हणतो, आजीचा डबा संथ झालाय, उघडून नवे भाग घालू. आणि तू त्याला म्हणालीस, ‘थांब, माझ्या भावाने नुकतंच हे सगळं केलंय, त्याला विचारते.’ अक्का, शाईत पाणी किती घालावं इथपासून लग्नाला हो म्हणावं का इथपर्यंत सगळं मी तुलाच विचारत आलो. तू मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा पत्र लांबणार आहे. चष्मा पुसून घे.

तू आधी विचारलंयस की नवाच घ्यावा की जुनाच सुधारावा. माझ्या गुडघ्यापुढे हाच प्रश्न घेऊन हाडांचे डॉक्टर बसले होते. उत्तर दोन्हीकडे एकच, बाकीचा सांगाडा धड असेल तर खराब तेवढा भाग बदलावा. फक्त एक ध्यानात ठेव, प्रोसेसर बदलायला निघालीस तर तो जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, बोर्ड बदलला तर जुनी मेमरी त्यावर बसत नाही, आणि असं करत करत शेवटी जुन्यातली धूळ तेवढी शिल्लक राहते. (ती मात्र कुठल्याही बोर्डावर बसते.) तू पत्र लिहितेस, फोटो बघतेस आणि रविवारी माझं तोंड बघतेस. यातल्या कशालाही नवा प्रोसेसर लागत नाही. माझ्या तोंडाला तर मुळीच नाही.

मग रॅम वाढवावी का? हे मला जावईबापूंनी फार छान समजावलं. रॅम म्हणजे काम मांडायचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असलं की प्रत्येक वस्तूसाठी उठून कपाटाकडे जावं लागतं. त्यावर तुझी भावजय आतून म्हणाली, “यांना मोठं टेबल देऊ नका हो, हे तेवढाच मोठा पसारा मांडतील.” तिचं बरोबर आहे, पण तरीही रॅम वाढवावी. फक्त मी वाढवली तशी नव्हे. जावईबापू यायच्या आधीच मला उत्साह आला आणि मी एकटाच बाजारात गेलो. जाण्यापूर्वी डबा उघडून रॅमची पट्टी शिंप्याच्या टेपने मोजली आणि लांबी तळहातावर लिहून घेतली. दुकानदार एका उघड्या संगणकात डोकं घालून बसला होता. डोकं बाहेर न काढताच त्याने विचारलं, “कोणत्या पिढीची हवी, काका?” मी म्हटलं, “शक्यतो आमच्याच.” तेव्हा त्याने डोकं बाहेर काढलं, मला नीट पाहिलं आणि पुन्हा आत घातलं. मी तळहात पुढे केला. लांबी जुळली, पट्टी घेऊन घरी आलो. बसेना! प्रवासाच्या बॅगेवर बसून ती लावतात तसा दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. कट्‌ असा आवाज आला तेव्हा वाटलं, बसली. ते माझं नख होतं. पट्टीच्या पोटाला एक खाच असते आणि ती प्रत्येक पिढीत थोडी सरकलेली असते, हे मला नखाच्या मोबदल्यात कळलं. बदलून आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “काका, जुनी पट्टी काढून सोबत आणायची. चप्पल घ्यायला येताना पाय घरी ठेवून येता का?” तेव्हा अक्का, जुनी पट्टी सोबत ने.

हात लावल्याने आतले भाग जळतात का, असंही विचारलंयस. जळू शकतात. आपल्या अंगात म्हणे वीज साठते. (या वयात आपल्या अंगात काहीतरी साठतंय हे ऐकून मी सुखावलो.) म्हणून आधी मागची वायर काढायची, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच आत जायचं. मी लोकरी स्वेटर, लोकरी मफलर आणि लोकरी मोजे घालून कामाला बसलो होतो. जावईबापू दारातूनच ओरडले, “बाबा, हात नका लावू! आधी ते सगळं उतरवा!” मी उतरवायला लागलो तेवढ्यात शेजारीण वाटी परत करायला आली. पुढचं लिहीत नाही.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक मलम लागतं, ते किती लावावं, हा तुझा प्रश्न पाहून नातवाने तुला बरंच सांगितलंय हे कळलं. वाटाण्याएवढं. जावईबापू ते सांगत होते तेव्हा माझा डावा कान त्यांच्याकडे होता, आणि तो अर्ध्यातलाही अर्धा. मी अख्खी नळी पिळली आणि सुरीने कडेपर्यंत नीट पसरवली. तुझी भावजय बघतच राहिली. म्हणाली, “चाळीस वर्षांत माझ्या पावाला इतक्या प्रेमाने लोणी लावलं नाहीत.” जावईबापूंनी मग सगळं पुसून काढलं. बिचाऱ्यांची अर्धी दुपार माझं काम निस्तरण्यात गेली, पण तोंडातून उलट शब्द नाही. आपल्या मुलीने माणूस चांगला निवडला, हे मला त्या मलमामुळे पटलं.

सगळं जोडून झाल्यावर चालू झालं नाही तर काय करावं? घाबरू नये. आमचाही चालू झाला नाही. जावईबापूंनी रॅम काढून पुन्हा बसवली, पंख्याची वायर पाहिली, पडद्याची वायर पाहिली. मी मागे उभा राहून जड आवाजात म्हणालो, “वीजपुरवठ्याचा डबाच गेलेला दिसतो. कमी वॅटचा असणार.” (कुठलाही भाग चालला नाही की हे वाक्य म्हणावं, माणूस जाणकार दिसतो.) त्या डब्याच्या पाठीला एक काळं बटण असतं. सावधगिरी म्हणून सकाळी ते मीच बंद केलं होतं आणि विसरलो होतो. जावईबापूंनी ते दाबलं, पंखा फिरला आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “वॅट पुरले, बाबा.”

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तू शेवटी असूनही अधोरेखित केलायस. जुनी फिरती डिस्क काढून नवी, न फिरणारी डिस्क घातली तर खरोखर फरक पडतो का?

पडतो, अक्का. फार पडतो. सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो, रॅम आणि मलम ही सगळी तिच्यापुढे मागच्या बाकावरची मुलं. पूर्वी बटण दाबून मी चहा टाकून यायचो, चहा उकळायचा, तरी पडद्यावर तो ठिपक्यांचा गोल फिरतच असायचा. आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत सगळं समोर हजर. जुन्यावरचं सगळं नव्यावर जसंच्या तसं उतरवून घेता येतं, एक फोटोसुद्धा हरवत नाही. जावईबापूंनी विचारलं, “काय बाबा, पडला ना फरक?” मी हो म्हणालो. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की दुसरं काही म्हणवलं नाही.

पण तुला आपला रविवार आठवतो ना? चारला तुझा फोन यायचा. “बसलास का?” “बसलो.” “दाबू?” “दाब.” मग दोघांनी आपापल्या घरी एकदमच बटण दाबायचं, फोन खांद्यात धरायचा आणि समोरासमोर दिसेपर्यंत वाट बघायची. “तुझा गोल आला?” “आला. तुझा?” “माझा अजून काळाच आहे.” आणि वाट बघता बघता तू सहज सुरू करायचीस, चौथीच्या त्या लांब फळ्याच्या वर्गात गुरुजींनी आधी तुला, मग मला हातवारे करून शिकवलेली ती कविता, एक ओळ तू, एक ओळ मी:

थांब थोडी, सांजवेळे, दूर माझे गाव गे,
वाट सरता सरत नाही, पाय घेती धाव गे.

मग मध्येच गुरुजींच्या कोटाचं तुटकं बटण निघायचं, मग आईने आपल्या दोघांत एकच छत्री दिली होती ती, मग ती छत्री कोणी हरवली यावर भांडण (तू हरवलीस), आणि पुन्हा कविता. शेवटच्या कडव्यापर्यंत आलो की मी अडायचो. ‘दार उघडे, दीप तेवे, कोण आहे आत गे’ इथवर येतं, पुढची ओळ येत नाही. तुला येते. तू म्हणायचीस, “विसरलास ना? सांगते, थांब,” आणि नेमका तेव्हाच तुझा पडदा उजळायचा. “अगंबाई, आला की! ओळ पुढच्या रविवारी.” मग आपण पडद्यावर यायचो. आणि पडद्यावर आलो की काय व्हायचं कुणास ठाऊक, पाहुण्यांसारखे बसायचो. तू तुझे केस सारखे करायचीस, मी माझं टक्कल कोनातून हलवायचो, “जेवलास?” “जेवलो. तू?” आणि मागून तुझा नातू डोकावून हात हलवायचा. संपलं. आपली भेट व्हायची ती त्याच्या आधीच, गोल फिरत असताना.

आता मी तयारच बसलेला असतो. तुझा पडदा उजळतो तेव्हा मी आधीपासून तिथे, वाण्याच्या दुकानातल्या फोटोसारखा. फोन करायचं तुला कारणच उरलं नाही, आणि माझ्याकडून तो होत नाही. लावून म्हणू काय, मी बसलोय? गेल्या रविवारी तू म्हणालीस, “दिसतोयस. बरा आहेस ना? सून बोलावतेय रे,” आणि गेलीस. मी बराच वेळ माझ्याच चेहऱ्याकडे बघत राहिलो. चित्र मात्र फार स्वच्छ होतं. राहिलेली ओळ मी स्वतः बांधायचा प्रयत्न केला. ‘आत’ला यमक हवं. ‘रात गे’ करून पाहिलं, ‘हात गे’ करून पाहिलं. तुझी भावजय म्हणाली, “‘दात गे’ करा, तुमच्या वयाला शोभेल.”

असो. म्हातारपणी माणूस कशाचंही दुःख करतो. विचारलंस म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, नवी डिस्क बसव. नातू हुशार आहे, करील व्यवस्थित. मलम फक्त त्याला लावू दे. सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पाठीवर थाप, आणि तुझ्या पायांवर डोकं (पाय जरा उंच स्टुलावर ठेवलेस तर मला सोयीचं पडेल).

तुझा,
छत्री न हरवणारा भाऊ

ता. क. पत्र बंद करण्याआधी वाचून पाहिलं. ‘नवी डिस्क बसव’ हे वाक्य खोडावं असं वाटतंय, पण खाडाखोड केलेली तुला चालत नाही. तेव्हा ते तसंच राहू दे आणि तू ते वाचू नकोस. रॅम हवी तेवढी वाढव. डिस्क मात्र तुझ्या डब्यात बसत नाही असं भावाने कळवलंय म्हणून नातवाला सांग. (बसते.)

ता. क. दुसरा. जुनी डिस्क जावईबापूंनी माझ्या खणात ठेवली होती. ते गावाला गेले तेव्हा मी मागची वायर काढली, स्वेटर काढला, पत्र्याला हात लावला आणि ती परत बसवली. मलमाला शिवलो नाही. बटण दाबलं. चहा उकळला, उतू गेला, तरी गोल फिरतोच आहे. इतकं निवांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हे जावईबापूंना कळवू नकोस, त्यांचा चेहरा मला बघवणार नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा रविवारी चारला फोन कर. ती ओळ उलट टपाली लिहून पाठवू नकोस, तेवढी एक विनंती. आणि तुलाही ती आठवत नसेल (मला अलीकडे तसा संशय येतो), तर तेही सांगू नकोस. गोल संपत आला की नेहमीसारखं म्हण, “सांगते, पुढच्या रविवारी.”