बॉटनीच्या सव्वीस फायली

३ जानेवारी १९८८
संकल्प : प्रबंध यंदा पुरा करायचाच. सिद्धांत साधा आहे. लिहायला शिकवणं हे एकट्या भाषेच्या मास्तराचं, म्हणजे माझं, काम नव्हे. बॉटनी, फिजिक्स, कॉमर्स, ज्याने त्याने आपापल्या विषयात शिकवावं. अकरा वर्षं स्टाफरूममध्ये सांगतोय. सगळे माना डोलावतात आणि उठून जातात. मार्चमध्ये पुण्याच्या सेमिनारात वाचणार, मग कळेल एकेकाला.

१९ जानेवारी
बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रॅक्टिकल फायली मिळवल्या. बॉटनीच्या सव्वीस. इकडे उत्तरेत मुलं सायन्सही हिंदीतच लिहितात; पण काय सुंदर हिंदी! जास्वंदीचं वर्णन तर असं, की लिहिणाऱ्याने फूल समोर ठेवून तासभर पाहिलं असावं. बायकोला, प्रमोदिनीला, वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता बरं आहे म्हणाली. तिला यातलं काय कळणार.

२ फेब्रुवारी
घोटाळा! सव्वीसही फायलींचं अक्षर एकच. (मी आशय पाहत होतो, म्हणून उशिरा लक्षात आलं.) इथल्या सीपरी बाजारातले स्टेशनरीवाले जगन्नाथजी मुलांना फायली लिहवून देतात म्हणे. भांडाफोड करणार. प्रबंधात एक प्रकरण वाढेल.

३ फेब्रुवारी, दुपार
जगन्नाथजींना फैलावर घेतलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, प्रोफेसरसाहब, भाभीजी बोलल्या नाहीत? फायली तर आपल्याच घरून लिहून येतात.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. एक दिवस वेगळे राहिलो नाही, त्यामुळे तिचं पत्र कधी आलंच नाही. अक्षर ओळखणार कसं?

संध्याकाळ
विचारलं. म्हणाली, लग्नामुळे बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहून गेलं. दुपारी फाइल लिहिते तेवढा वेळ कॉलेजात बसल्यासारखं वाटतं.
मला भरून आलं. भांडाफोडीचं प्रकरण रद्द.

७ फेब्रुवारी
तिला मार्गदर्शन करायचं ठरवलं. एक फाइल तपासून लाल शाईने एकतीस सूचना दिल्या. अगदी सौम्य. तिने सगळ्या वाचल्या आणि फाइल मिटून ठेवली. उत्तम लक्षण.

१६ फेब्रुवारी
जगन्नाथजी भेटले. भाभीजींनी केमिस्ट्रीच्या फायली कोऱ्याच परत धाडल्या म्हणाले. पुनर्लेखनाआधी चिंतनाला वेळ हवाच. काळजीचं कारण नाही.

१२ मार्च
महिनाभरात तिने एकही फाइल लिहिली नाही. पुण्याला गेलो नाही. दुपारी तिला म्हटलं, माझं चुकलं, तू लिही. मी बघणारसुद्धा नाही. ती म्हणाली, राहू द्या. लिहायला बसलं की तुम्ही मागे उभे आहात असंच वाटतं.

कसं लिहायला शिकवावं हे मी जगाला सांगत होतो. घरात एक बाई आपणहून लिहीत होती, तिचं लिहिणं मीच बंद पाडलं.

चहा टाकू का, तिने विचारलं. टाक म्हणालो.