नव्वद टक्के वाया

२६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०
आज माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर अन्याय झाला. उजवी दाढी संपवून रेझर डावीकडे वळवला आणि त्याच क्षणी बाथरूमचा बल्ब गेला. इथे कॅनडात, डॉफिनमध्ये, या दिवसांत आठ वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही. डार्का हॉस्पिटलात रात्रपाळीला होती आणि नवे बल्ब कुठे असतात हे या घरात फक्त बायकोलाच माहीत असतं. डावी बाजू चाचपडत केली. तीन जखमा.
संध्याकाळी : ऑफिसात बर्निसने विचारलं, मांजराने ओरबाडलं का? म्हटलं, व्यवस्थेने.

२७ नोव्हेंबर
नगरपालिकेचं पत्रक वाचलं. जुना, तारेचा बल्ब म्हणे दहा टक्के विजेचाच उजेड करतो. उरलेली नव्वद टक्के नुसती उष्णता. वाया! मी पंचवीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची कारणं शोधतो आहे. कुणाचं छप्पर का बसलं, कुणाचा कापणीचा कंबाईन का जळला, हे मी दारातून पाहून सांगतो. आणि माझ्याच घरात खोलीखोलीत नुकसान लटकतं आहे, तेही पेटलेलं.
संकल्प : ख्रिसमसच्या आत (आपल्या युक्रेनियन, जुन्या पंचांगाच्या, म्हणजे सात जानेवारीच्या) घर शंभर टक्के एलईडी.
डार्काला सांगितलं. ती म्हणाली, आधी गेल्या संकल्पातलं तळघराचं दार बसव. विषय बदलायची तिची जुनी सवय.
'नव्वद टक्के वाया' खाली दोन रेघा मारून पत्रक फ्रिजवर चिकटवलं.

३० नोव्हेंबर
मोजणी. एकतीस बल्ब. दुकानात दोन जाती होत्या, एक पिवळसर, एक 'डेलाइट'. दिवसाचा उजेड मिळत असताना संध्याकाळ कोण घेईल? डेलाइट घेतले.

१ डिसेंबर, दुपारी
तीस बदलले. एकतिसावा, म्हणजे माझ्या टेबलावरच्या दिव्याचा, मुद्दाम ठेवला आहे. शास्त्रीय तुलनेला एक जुना नमुना हाताशी लागतो. त्या उजेडात माझं अक्षर बरं दिसतं, हा योगायोग.
स्वयंपाकघर लख्ख. डार्का दारातच थांबली. म्हणाली, बारा तास ऑपरेशन थिएटरात उभी असते, आता बिटाचं बोर्श्टपण तिथेच प्यायचं का?
दोन तास पेटलेला बल्ब उघड्या हाताने धरून दाखवला. गार! केवढी प्रगती. सासूबाईंनाही हात लावायला लावला. त्यांनी लावला, आणि म्हणाल्या, मेलाय का हा?
सासूबाई शेत विकून मार्चपासून आमच्याकडे आहेत. वय त्र्याऐंशी. येताना एक बॅग, कणीक मळायची काथवट आणि एक मेलेला फ्रिज घेऊन आल्या. फ्रिजची मोटर सासरेबुवांच्या हयातीतच गेली होती. सासरेबुवांनी आतल्या फळ्या काढून खाली एक बल्ब बसवला. तेव्हापासून सासूबाई पावाची कणीक त्यात ठेवतात आणि त्याला पेटी म्हणतात. पेटी तळघरात आहे. कणकेला अंधाराची भीती वाटत असावी. ते काही असो, तिथेही एलईडी लावला. भेदभाव नको.
जुने बल्ब कचरा डेपोत नेऊन स्वतः फोडले. एकेकाचा आवाज फार समाधानाचा.

५ डिसेंबर
बार्बरात बदल. नऊ वर्षं ही मांजर दिवाणखान्यातल्या दिव्याखाली झोपत आली. आता ती माझ्या टेबलावर येऊन बसते, थेट या वहीपाशी. मला ती कधी विचारत नव्हती. आपण काहीतरी मोठं करायला घेतलं की जनावरांना आधी कळतं.

९ डिसेंबर
शेजारच्या बोहदानला सुधारायला गेलो. त्याच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोपटात शंभराचा जुना बल्ब नोव्हेंबर ते एप्रिल रात्रंदिवस जळतो. मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. तो म्हणाला, ओरेस्ट, तो बल्ब उजेडासाठी आहे असं वाटतं का तुला? तिथे काय माझा पंप पेपर वाचत बसतो?
अज्ञानाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तसं त्याला सांगितलंही, जरा मोठ्याने. शिवाय ज्या माणसाकडे जुना बल्ब एकच उरला आहे आणि तो त्याला अंड्यासारखा जपतो, त्याच्या भवितव्याविषयी जे वाटतं तेही सांगितलं. त्याने फाटकापर्यंत सोडायला यायचं टाळलं.

१८ डिसेंबर
उद्या संत निकोलसचा दिवस. सासूबाईंनी या सणांतला पहिला कोलाच, म्हणजे सणाचा पाव, केला. तीन पेडांची वेणी, गोल वळवलेली, सहा जानेवारीच्या, ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच्या, ताटावर असते तशीच. सकाळी पेटीत ठेवली, संध्याकाळपर्यंत होती तेवढीच. भाजल्यावर वीट. डार्काने सुरी लावली, सुरी म्हणाली नको.
कारण माझ्या लगेच लक्षात आलं : यीस्ट जुनं. सासूबाई म्हणाल्या, मंगळवारी आणलंय. म्हटलं, दुकानात जुनं असेल. कारणं एका थराखाली दुसरी असतात, पण आमच्या धंद्याबाहेरच्यांना ते दिसत नाही.

२५ डिसेंबर
इंग्रजी ख्रिसमस. आपण नाही पाळत. ऑफिस बंद. रस्त्यावरून फिरून बघितलं, आमच्या घराचा उजेड कोपऱ्यावरून ओळखू येतो. बोहदानची बायको फोनवर डार्काला म्हणाली, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?

२९ डिसेंबर
पुन्हा वीट. नवं यीस्ट, नवं पीठ, कोमट दूध. सासूबाई तीनदा तळघरात उतरल्या, गुडघे दुखत असताना. शेवटी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, दिवा तर लागतोय. पण आत हात घातला की गार लागतं. पेटी कशी गार होईल? माझेच हात गार पडले असणार. बोटांना काही कळेनासं झालं.
डार्का म्हणाली, असं काही नसतं आई. पण तिला शिफ्टची घाई होती.
मी सासूबाईंशी प्रेमाने बोललो. आई, म्हटलं, वयाचा मान ठेवायला हवा. विम्यातसुद्धा झीज धरतात.
त्यांनी काथवट धुतली, पुसली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि कपाटावर ठेवायला दिली. वरच्या फळीवर, जिथे त्यांचा हात पोचत नाही. स्टूलवर मीच चढलो.

१ जानेवारी
विनिपेगहून मेव्हण्याचा फोन. मिरॉन म्हणाला, सहा तारखेचा कोलाच आम्ही बेकरीतून आणतो, कोरिन (त्याची बायको) आत्ताच ऑर्डर देतेय, आईला सांग हात दुखवू नको. आणि पुढच्या वर्षीपासून सगळे आमच्याकडेच या, आमची जागा मोठी आहे. मिरॉनची जागा कायमच मोठी असते. त्याचा आवाजही तिला साजेसा आहे.
सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, बरं. बेकरीत गोड घालतात जास्त, पण बरं.
बासष्ट वर्षं त्या हा पाव करत आल्या. लग्नाच्या वर्षापासून. हे मला डार्काने भांडी घासताना सांगितलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.
नव्या वर्षाचे संकल्प : १) वजन. २) तळघराचं दार. ३) बोहदानला क्षमा करणे.

३ जानेवारी, संध्याकाळी
उणे छत्तीस. लिहिताना बोटं आखडली म्हणून टेबलावरच्या दिव्याखाली धरली. ऊब छान लागते. बार्बरा सरकायला तयार नाही. तिला ढकलून एक हात, मग दुसरा.
एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, फक्त नोंद म्हणून. बार्बरा या दिव्याखाली बसते. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली बसत नाही. बोहदानचा पंप पेपर वाचत नाही.
यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तेच, अर्ध्या तासाने
तळघरात जाऊन आलो. पेटीत हात घातला. गार. माझे हात त्र्याऐंशी वर्षांचे नाहीत.
फ्रिजवरचं पत्रक पुन्हा वाचलं. दोन रेघा मीच मारल्या आहेत, पट्टी धरून.

४ जानेवारी
कारण बहुपदरी आहे. पत्रकाने उष्णता वाया जाते एवढंच लिहिलं, कुठे जाते ते लिहिलं नाही. सासरेबुवांनी पेटीवर सूचना चिकटवायला हवी होती. इन्स्पेक्टर म्हणून मी हे दोन्ही दोष अहवालात घालीन.
दुपारी डॉफिनमधली चारही दुकानं पालथी घातली. जुना बल्ब कुठेच नाही. हार्डवेअरवाल्या मिसेस ट्रॅकनी विचारलं, आता ते कोण वापरतं हो? म्हटलं, एक मित्र आहे, मागासलेला.
पर्याय : अ) सासूबाईंना खरं सांगणे. पंचवीस वर्षांच्या नावाचा प्रश्न आहे. ब) बोहदानकडे मागणे. त्याचा पंप गोठेल, आणि माझ्याशी तो बोलत नाही. क)
क लिहायचा राहू दे.

५ जानेवारी, सकाळी ६.१५
क. टेबलावरच्या दिव्याचा बल्ब काढला. बार्बरा उठून बसली. वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली उतरून निघून गेली. नमस्कार नाही, काही नाही.
बल्ब पायमोज्यात गुंडाळून तळघरात नेला, पेटीत लावला. दोन दिवसांपुरता उसना दिला. ताट झालं की परत आणायचा. शास्त्रीय नमुना आहे.

७.३०
कपाटावरून काथवट उतरवली. सासूबाई चहा पीत होत्या. म्हटलं, आई, एकदा शेवटचं करून बघा. त्या म्हणाल्या, का रे, विटा कमी पडल्या? म्हटलं, नाही, मला खायची इच्छा आहे. म्हणाल्या, मिरॉन आणतोय ना. म्हटलं, ते गोड असतं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, पीठ चाळ.
पीठ मी चाळलं. माझं चाळणं चुकीचं आहे असं कळलं. पुन्हा चाळलं.

११.००
तळघरातून हाक आली. डार्का रात्रपाळीहून येऊन झोपली होती, म्हणून मीच गेलो. फडकं वर उचललं गेलं होतं. खालची कणीक काथवटीच्या काठाबाहेर आली होती, पोट सुटलेल्या माणसासारखी. (वजनाचा संकल्प आठवला.) सासूबाईंनी माझा हात धरून पेटीत घातला. म्हणाल्या, बघ, ऊब लागतेय. मला लागतेय रे ओरेस्ट. बोटांना लागतेय.
 म्हटलं, हो आई, लागतेय.

६ जानेवारी
पहिला तारा पाच वाजून वीस मिनिटांनी दिसला, मगच जेवायला बसलो. ताटावर बारा पदार्थ, मध्ये तीन कोलाच एकावर एक, वर मेणबत्ती. डार्काने सगळे एलईडी बंद केले, म्हणाली आजच्या दिवस मेलेल्यांना विश्रांती दे. मिरॉनने बेकरीचा पाव आणला होता, तो गाडीतच राहिला आणि उणे तीसमध्ये खरोखरच वीट झाला. मिरॉनने आईच्या पावाचे चार तुकडे खाल्ले. पुढच्या वर्षी आमच्याकडे या, असं तो पुन्हा म्हणाला नाही. पाचवा तुकडा मागितला.
पहिला तुकडा सासूबाईंनी मला दिला. घरातल्या मोठ्याला द्यायचा असतो, पण मिरॉन आणि मी एकाच वर्षाचे, तेव्हा त्यांनी काय हिशेब केला माहीत नाही. देताना ताटाकडे बघत म्हणाल्या, पेटीतला दिवा काल पिवळा दिसला मला. आधी पांढरा होता. माझे डोळेपण सुधारले बहुतेक.
डार्काने माझ्याकडे पाहिलं. मी कुत्या, म्हणजे सणाची गव्हाची खीर, वाढून घेतली. मग आणखी वाढून घेतली.

७ जानेवारी, दुपारी
पाहुणे गेले. ठरल्याप्रमाणे बल्ब परत आणायला तळघरात उतरलो. पेटी चालू होती. वर बार्बरा पसरली होती. उद्या चर्चमधल्या बायकांना आणखी सहा कोलाच द्यायचे असं सासूबाईंनी परस्पर कबूल केलं आहे, आणि कणीक आत होती.
पेटीचं दार पुन्हा लावलं. मग पेटीतून काढलेला एलईडी शोधून वर आणला आणि टेबलावरच्या दिव्याला लावला. घर आता शंभर टक्के, पेटी सोडून. या उजेडात माझं अक्षर जसं आहे तसं दिसतं. बोटं गार.
पाच तारखेची नोंद उघडली. तिथे 'उसना दिला' असं आहे. ते खोडून वर 'परत केला' लिहिलं.
आता तळघराचं दार बसवायला घेतो. ऊब बाहेर जाते.