गाडी कुणाच्या नावावर

हसनाबाद,
ता. ५ फेब्रुवारी २००३

प्रिय संपत,

तुझं पत्र आणि सोबतचे गाडी विकायचे फॉर्म मिळाले. आईला सही कुठं करायची ते कळावं म्हणून पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्यास. अरे, सातवी पास आहे मी, आणि चष्माही नवा आहे. पुण्याच्या गिऱ्हाईकासाठी तू गाडीचा इतिहास लिहून काढलास, तो दोनदा वाचला. पहिले मालक हैदराबादचे नवाब, दुसरे औरंगाबादचे डॉक्टर, तिसरे जालन्याचे जिनिंगवाले शेठ आणि चौथे आपले अण्णा, ज्यांनी गाडी जिवापाड जपली. खाली मला लिहिलंस, 'आई, कागदोपत्री नाव तुझं आहे म्हणून सही लागते, बाकी काही नाही.' हे 'बाकी काही नाही' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

१९८१ साली ती हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची विलायती गाडी आपल्या दारात आली, तेव्हा तू चौथीत होतास. अण्णांनी शेठकडे ती पाहिली आणि जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. पण भोकरदनच्या जोशीबुवांनी पत्रिका बघून सांगितलं, अण्णा, तुमच्या नशिबात वाहनसुख बिलकुल नाही, घ्यायचीच तर बायकोच्या नावावर घ्या. अशी मी मालकीण झाले. मला विचारलंही नाही, आणि पुढं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मी नुसता हात लावला तरी अण्णा म्हणायचे, बोटाचे ठसे उमटतात.

आणि जपली कुणी म्हणतोस? अण्णा लग्नसराईला आणि पोळ्याला ती बाहेर काढायचे, चार माणसांनी बघितली की परत आणून लावायचे. बाकी वर्षभर उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून बोनेटखाली तंबाखूच्या पुड्या कोण ठेवत होतं? कातडी सीटांना खोबरेल तेल कोण चोळत होतं? फाट्यावरचे गॅरेजवाले ख्वाजामियाँ दर गुरुवारी इंजिन चालू करायला यायचे. मी शेजारी उभी राहून बघायची, आणि बघता बघता तेही शिकले. घराचा पत्रा गळत होता तेव्हा घरातली ताडपत्री मी गाडीवर टाकली होती. तू भिजलास त्या वर्षी, तुला आठवत नसेल.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. चौऱ्याण्णव साली अण्णांची उजवी बाजू गेली. आठवड्यातून दोनदा त्यांना जालन्याला व्यायामाला न्यावं लागायचं. जीपची पायरी चढता येईना, एस.टी.चं तर नावच नको. ही गाडी बुटकी, दार उघडलं की नुसतं बसायचं. ख्वाजामियाँ त्यांना घेऊन जातात, असं मी तुला पत्रात लिहीत होते. पहिला महिना ते खरंच गेले. पण तेवढा वेळ त्यांचं गॅरेज बंद राहायला लागलं. मंग ते मला म्हणाले, "भाभी, गाडी आपकी है, आपही चलाओ." राजूरच्या रस्त्यावर त्यांनी मला पंधरा दिवसांत तयार केलं. लायसनसुद्धा काढलं मी, कपाटात साड्यांखाली आहे.

अण्णांनी एकच अट घातली. म्हणाले, "हसनाबादात तू स्टेरिंगवर दिसलीस तर माझी काय किंमत राहील?" म्हणून ख्वाजामियाँ गाडी दारातून फाट्यापर्यंत न्यायचे. मी आधीच शेताकडे जाते म्हणून चालत निघायची आणि फाट्यावर त्यांच्या जागी बसायची. येताना पुन्हा तेच. मी उतरायची, ते बसायचे, आणि अण्णा रुबाबात गावात शिरायचे. दोनच सीटा, म्हणून मी मागून धुळीतून चालत घरी. पाच वर्षं, संपत. एकदा अण्णांनी मागं वळून बघितलं होतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, अजून आहे, पण त्या चालण्याचा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

अण्णा गेल्यावरही चार वर्षं मी नुसतं इंजिन चालू करून बंद करत राहिले. कुणाला भीत होते कोण जाणे. पण तुझी ही मालकांची यादी आली, आणि काल सकाळी शाळा भरायच्या वेळेला मी टप खाली केला, पदर खोचला आणि गाडी दारातून बाहेर काढली. ग्रामपंचायतीसमोरून, बाजारातून, हॉर्न वाजवत. साळूबाई डोक्यावर हंडा घेऊन तशीच उभी राहिली. पारावर कुणीतरी काहीतरी बोललं. मी थांबले, इंजिन चालू ठेवलं आणि पुन्हा बोल म्हणाले. सगळे खाली बघून तंबाखू मळायला लागले.

तर हे पत्र एवढ्याचसाठी. फॉर्म कोरेच परत पाठवतेय. यादीत चौथ्या नावावर काट मारून माझं पूर्ण नाव लिहिलंय, ते नीट वाच. गाडी मी विकणार नाही. आईचा राग आला असेल तर येऊ दे, पण रविवारी सकाळच्या एस.टी.नं जालन्याला उतर. स्टँडवर मी तुला घ्यायला येते. गिऱ्हाईकाला आणू नकोस, माझ्या गाडीत दोनच माणसं बसतात.

तुझीच,
आई