मी तीनदा हो म्हणालो

२ मार्च. सकाळ.
ठरलं. महिनाअखेरच्या आत घरबसल्या नोकरी मिळवायची. माझ्या लेकीला, लिवायला, आत्ताच सांगायचं नाही. नेमणूक झाली की जेवता जेवता सहज म्हणायचं, "अगं, त्या एजन्सीला कळवून टाक, तू काही येत नाहीस म्हणून." ती रडेल. मी खिडकीबाहेर बघेन.

काल तिने सांगितलं, दुबईतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांभाळायचं काम तिला मिळतंय. दोन वर्षं. वादळात स्वयंपाकघराचं छप्पर उडाल्यापासून तिच्या डोक्यात हेच चाललंय. मी म्हटलं, छप्पर कशाला, ताडपत्रीतून सकाळी किती सुंदर निळा उजेड पडतो! म्हणाली, "ताय, पाऊससुद्धा सुंदर निळा पडतो." बापाला ताय म्हणायचं, आणि त्याच्याशी बोलायची ही रीत? पण विनोद बरा होता. माझ्यावर गेली आहे.

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एक गेलं की उरतं किती, हे गणित मी पहिलीला शिकवत असे.

५ मार्च.
नोकरी सापडली. म्हणजे जाहिरात सापडली, पण वाचताना वाटलं की मला समोर बसवूनच लिहिली आहे. जपानमधल्या मुलांना कॉम्प्युटरवरून इंग्रजी बोलायला शिकवायचं. इलोइलोच्या शाळेत मी जन्मभर दुसरं काय केलं?

अर्जात जन्मसाल शोधायला यादी खाली सरकवत न्यावी लागते. माझं साल येईतो अंगठा दुखायला लागला. पण आलं. यादीत ठेवलंय त्या अर्थी आमच्या पिढीची त्यांना गरज आहे.

अटी दोन. खोली शांत हवी, आवाज स्पष्ट हवा. आवाजाबद्दल मी काय सांगावं? एकदा तपासणीला आलेले साहेब माझं कवितावाचन डोळे मिटून ऐकत राहिले होते. (मुख्याध्यापक म्हणत, झोपले होते. त्या माणसाला कवितेत गतीच नव्हती.)

८ मार्च.
आवाजाचा नमुना पाठवला होता. आमच्या चौथीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता. 'दिवा विझवू नका, होडी अजून पाण्यात आहे' इथे आवाज जरासा कापू दिला.

आज उत्तर आलं. आवाज उत्तम, पण मागे पक्षी ओरडतोय, पुन्हा पाठवा. पक्षी म्हणजे शेजारच्या दादॉयचा झुंजीचा कोंबडा. नेमका 'होडी'वर आरवला.

तावातावाने गेलो. दादॉय म्हणतो, "पारे, दोस्ता, तुझ्याआधी माझ्या कोंबड्यालाच घेतील बघ नोकरीवर. आवाज त्याचाही स्पष्ट आहे." शेवटी तोडगा निघाला. मी खिडकीत लाल रुमाल लावला की त्याने टोपलीवर गोणपाट टाकायचं. कोंबड्याला वाटणार, रात्र झाली. बदल्यात शनिवारी त्याच्या अंगणातल्या कराओकेला मी टाळ्या वाजवायच्या, आणि गाणं संपायच्या आत उठायचं नाही. कबूल? मी भुवया उचलल्या. त्यानेही उचलल्या. करार झाला.

हो म्हणायला आम्हा फिलिपिनो माणसांना तोंड लागत नाही. मी तर हजेरीसुद्धा भुवयांवर घ्यायचो. काय शांत वर्ग असायचा!

१३ मार्च.
दुसरा नमुना मान्य! अठराला मुलाखत.

आजच लिवाय वैद्यकीय तपासणीत पास झाली. मी मनातल्या मनात मागत होतो की काहीतरी किरकोळ निघावं, पडशासारखं. असं मागणारा बाप वाईट नसतो. दूरदर्शी असतो.

संध्याकाळी तिने धरलंच. "ताय, दार लावून दिवसभर कुणाशी बोलता?"
म्हटलं, स्वतःशी.
"स्वतःशी, आणि इंग्रजीत? 'कशी आहेस बाळा', 'आज काय खाल्लंस'? कोण आहे ती? माझी काही हरकत नाही हं. मी गेल्यावर तुम्हाला सोबतच होईल."
संतापलो. पण गुपित फुटू दिलं नाही.

माझ्या गोळ्यांच्या डब्यांवर तिने चित्रं काढलीत. एकावर सूर्य, एकावर चंद्र. मला वाचता येतं हे तिला ठाऊक आहे. तरी चित्रं.

१८ मार्च. दुपार.
मुलाखत झाली. झकास.

रुमाल लावला. गोणपाट पडलं. आमच्या इंटरनेटचा जीव तो केवढा. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, सर, चित्र अडकतंय, कॅमेरा बंद करा, नुसतं बोलू या. केला. सगळं विचारलं त्यांनी. रुसलेल्या मुलाला कसं बोलतं कराल? मी नावाड्याची अख्खी कविता म्हणून दाखवली. बाई "पुरे, सर" एवढंच म्हणाल्या. भारावल्या असाव्यात.

मग शेवटचा प्रश्न. "सोमवारपासून सुरू कराल का, सर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. "सर? सोमवारपासून जमेल का?" पुन्हा हो म्हटलं, या वेळी भुवया अगदी केसांपर्यंत नेऊन. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सोबत हसलोसुद्धा. "सर, आहात ना तिथे?" असं म्हणाल्या आणि लाइन गेली. इंटरनेट, दुसरं काय. पण तीनदा हो म्हणून झालं होतं.

सोमवारसाठी पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. लिवायला उद्या सांगेन. नको, पत्र हातात आल्यावर.

२० मार्च.
उत्तर आलं. 'उमेदवाराकडून प्रतिसाद मिळाला नाही. दुसऱ्या व्यक्तीची निवड केली आहे.'

धडधडीत खोटं! दादॉयला सगळं करून दाखवलं. बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो. त्याने विचारलं, "पारे, कॅमेरा चालू होता?"
म्हटलं, नाही, त्यांनीच बंद करायला सांगितला.
दादॉय कोंबड्याला कवटाळून खाली बसला. हसून हसून त्याला ठसका लागला. मला बराच वेळ कळेना.

मग कळलं.

चूक अर्थात त्यांची. फिलिपिनो माणसं नेमता तर त्यांची भाषा शिकायला नको? तसं सभ्य शब्दांत लिहून कळवलं आहे. सोबत मोठ्या आवाजात 'हो' म्हणून नमुना जोडला आहे. ऐकल्यावर त्यांना पश्चात्ताप होईल. अजून वेळ आहे.

२१ मार्च.
वेळ नाही.

जेवत होतो. सुकी मासळी आणि भात. लिवाय म्हणाली, "ताय, एजन्सीचा फोन होता. बोलावणं लवकर आलंय, याच शुक्रवारी विमान. आत्ताच्या आत्ता हो की नाही सांगायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, खरंच सांगते. जाऊ?"

शुक्रवार! माझ्या भुवया वर गेल्या. धक्क्याने गेल्या. तोंडात घास होता, त्यात काटा. तो काढेपर्यंत तिने माझ्या गळ्यात हात टाकले होते. "मला वाटलं होतं, तुम्ही अडवाल," म्हणाली, आणि फोन घेऊन बाहेर पळाली.

होकाराला भुवया एकदाच वर जातात आणि खाली येतात. धक्क्याला तिथेच राहतात. मास्तरच्या मुलीला एवढा फरक कळू नये?

सकाळी समजावून सांगेन.

२३ मार्च.
काल सांगणार होतो, पण ती बॅग भरताना गुणगुणत होती. गाणाऱ्या माणसाला मधे तोडू नये, हे मी वर्गातही पाळत असे. आज सांगणारच होतो, तर म्हणाली, "ताय, तुम्ही हो म्हणालात म्हणून धीर आलाय बघा." आता या वाक्यानंतर माणसाने बोलावं तरी काय?

कंपनीकडून उत्तर नाही. विचार चालू असेल.

२५ मार्च. शुक्रवार.
विमानतळावर नुसता गलबला. काचेपलीकडून तिने खुणेनेच विचारलं, ठीक आहात ना? मी भुवया उचलल्या. या वेळी उचलल्या आणि खाली आणल्या, नीट, पुस्तकात असाव्या तशा.

दादॉयने आज न सांगताच गोणपाट टाकलं होतं. घर शांत. अटीत मागितलं होतं तेवढं.

२९ मार्च.
कंपनीचं उत्तर आलं. एका ओळीचं. कॉम्प्युटरनेच लिहिलेलं असावं.

संध्याकाळी लिवायचा फोन. नुसता आवाज, तिथे चित्र दिसत नाही म्हणाली. ती सांभाळते ते आजोबा आजारापासून बोलतच नाहीत म्हणे. घरच्यांना काही उमगत नाही, हिला सगळं समजतं. "मला सवयच आहे ना, ताय." इथल्या शांततेविषयी मी बरंच सांगितलं. नावाड्याच्या दोन ओळीही म्हटल्या, कोंबडा आरवला नाही.

मग तिने विचारलं, "जेवलात का?"
जरा वेळ दोन्हीकडे काहीच नाही.
"ताय, भुवया उचलल्यात ना?"
मी पुन्हा उचलल्या.
"कळलं मला. आता तोंडाने सांगा."

तोंडाने सांगितलं. हो, जेवलो.

चूल आज पेटवलीच नव्हती.