तुमचे शेत आमच्या बाटलीत

ती. चंपतमामांस,

भाच्याचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा व मामीचा खोकला कसा आहे, ते कळवावे. (डोंगरावर फोन लागत नाही, लागला तर तुम्ही नुसते "हो हो" म्हणता. म्हणून लिहितो.)

मला काम मिळाल्याचे तुम्हाला कळलेच असेल. आदिलाबादच्या वृषाली मॅडमना आपल्या डोंगरातले दोन नाले किती माती वाहून नेतात, याचा अंदाज काढायचा आहे. पाऊस पडला की मी नाल्याचे पाणी बाटलीत भरून चिठ्ठी लावायची. त्या गाळ वाळवून तोलणार. (दुसऱ्या नाल्यावर सपना आहे. अक्षर बरे नाही, पण तिच्याकडे गाळ पुष्कळ.) ज्या नाल्याला माती जास्त, त्याच्या वरच्या अंगाला बंधारे होतील. आपल्या नाल्यावर झाले तर तुमचे उताराचे शेत वाचेल. म्हणून बाटल्या मी जिवापाड जपल्या आणि सुरक्षित जागा म्हणून आईच्या चुलीमागे ठेवल्या. तिथेच चुकले.

मॅडम न्यायला आल्या, तर पाणी नितळ! आईने तुरटी फिरवून पाणी निवळले, बाटल्या घासल्या, पुन्हा भरल्या आणि चिठ्ठ्याही जागच्या जागी चिकटवल्या. गाळ वांग्यांना घातला.

"इतक्या दुरून आल्या तुमी, अन् गढूळ पानी देऊ का? लोक काय म्हनतीन आमाले?"

"मावशी, मला गढूळच पाहिजे होतं हो."

"पेता का काय तुमी थे?"

मॅडम हसल्या. मला हसू येईना. आता पुढच्या पावसाच्या बाटल्यांवरच सगळे ठरणार आहे. वांगी मात्र छान लागली आहेत. ताटात आली की वाटते, मामांचे शेत खातो आहोत, आणि घास उतरत नाही. (आई म्हणते, मीठ कमी झाले असेल.)

आपला,
हर्षदीप

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. तुम्ही उतारावर दगडी बांध घालायला घेतल्याचे कळले. माझ्या बाटल्या भरेपर्यंत तो थांबवाल का? गाळ कमी भरला तर बंधारे सपनाच्या नाल्यावर जातील.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मोठी सर आली. धावत नाल्यावर गेलो. पाण्यातून तुरीची रोपे वाहत होती, मुळांसकट, हिरवीगार. वर तूर तुमचीच आहे. बाटली भरली, पण रोपे कुठे भरायची ते मॅडमनी सांगितलेले नाही. मामा, वरचा ता. क. वाचू नका. बांध घाला. दगड उचलायला मी सकाळीच निघतो आहे; टपालाच्या आधी पोचेन, म्हणून हे पत्रही हातीच देईन.